लायटर सॉकेट (मोटारगाडी)

मोटारगाडीच्या पुढच्या भागात असलेले, साधारण २१ मिलिमीटर व्यासाचे गोल, खोलगट वीजसॉकेट. सिगारेट पेटवण्यासाठी ते गाडीत आले. आज त्यावर मोबाइल चार्ज होतो, टायरमध्ये हवा भरली जाते, डॅशकॅम (रस्ता टिपणारा गाडीतला कॅमेरा) चालतो. मुंबईत बोलताना ‘लायटरचा पॉइंट’ किंवा नुसते ‘चार्जिंग पॉइंट’ म्हटले तरी कळते.

मूळ लायटर म्हणजे दाबायची एक मूठ आणि तिच्या टोकाला नायक्रोम तारेचे वेटोळे. मूठ आत दाबली की तळाशी असलेल्या द्विधातूच्या (दोन धातू जोडून केलेल्या, तापल्यावर वाकणाऱ्या) पट्ट्या तिला पकडतात आणि तार लाल होते. पट्ट्या तापून फाकल्या की दहा-पंधरा सेकंदांत मूठ टक्‌कन बाहेर येते. सॉकेटच्या बऱ्याच खोडी या जन्मकथेतून आल्या आहेत, कारण ते प्लगसाठी घडवलेलेच नव्हते. चार्जरचे स्प्रिंगवाले टोक तळाच्या धन टोकाला टेकते, बाजूचे पत्रे भोवतीच्या ऋण भिंतीला घासतात. एवढ्याच आधारावर तो उभा असतो. पावसाळ्यात टॅक्सी खड्ड्यात आदळली की काचेवरच्या मोबाइलचे चार्जिंग तुटते ते यामुळेच. नवा चार्जर घेण्याआधी जुना जरा फिरवून घट्ट दाबून पाहावा. सैल जोडणी तापते, म्हणून हाताला चटका देणारा चार्जर काढून टाकलेलाच बरा.

सॉकेट सापडत नसेल तर आधी गिअरच्या पुढचा खण चाचपावा. तिथे बहुधा एक छोटे झाकण असते आणि त्यावर सिगारेटचे किंवा प्लगचे चित्र, नाहीतर ‘१२ व्होल्ट, १२० वॉट’ असा मजकूर. काही गाड्यांत ते दोन सीटांमधल्या आर्मरेस्टच्या डब्यात, मागच्या प्रवाशांच्या पायांपाशी किंवा डिकीतही असते. चित्रातला फरक महत्त्वाचा आहे. नुसत्या वीजपुरवठ्यासाठी दिलेल्या सॉकेटमध्ये द्विधातूच्या पट्ट्या नसतात. त्यात लायटर खुपसला तर तो आपोआप सुटत नाही आणि प्लास्टिक वितळू शकते.

बऱ्याच गाड्यांत किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवल्यावरच वीज येते, काहींत ती कायम चालू राहते. किल्ली काढून चार्जरचा दिवा पाहिला की आपल्या गाडीचा प्रकार कळतो. दिवा जळत राहिला तर इमारतीखाली उभी केलेली गाडी डॅशकॅममुळे चार दिवसांनी सुरू न होण्याची शक्यता धरावी. १२० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर. मोबाइलला याचा थोडाच भाग लागतो. हवा भरायचा पंप मात्र बराचसा प्रवाह ओढतो, म्हणून तो मोकळ्या जागी इंजिन चालू ठेवूनच लावावा. इन्व्हर्टर (गाडीच्या विजेची घरच्यासारखी वीज करणारे यंत्र) जोडून इस्त्री किंवा घरची किटली चालवणे या सॉकेटच्या कुवतीबाहेरचे आहे.

सॉकेट अचानक बंद पडले तर आधी नाण्याचा संशय घ्यावा. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, तरी पार्किंगची आणि चहाची चिल्लर गिअरपुढच्या खणातच पडते. झाकण उघडे असेल तर एखादे रुपयाचे नाणे आत घरंगळते, तळ आणि भिंत यांना एकदम टेकते आणि फ्यूज उडतो. तो उडाला म्हणूनच वायर वाचली, हे विसरू नये. किल्ली काढावी, सॉकेटचा फ्यूज उपसावा, टॉर्चच्या उजेडात आत पाहावे आणि नाणे लाकडी काडीने काढावे. चिमटा किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नये. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा हवा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळून ‘काम भागवणे’ म्हणजे डॅशबोर्डमागे आग लावून ठेवणे आहे, आणि हे आजही सर्रास केले जाते.

सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला बंदी आहे, त्यामुळे टॅक्सीत लायटरला काही काम उरलेले नाही. नव्या गाड्यांत यूएसबीची तोंडे येऊ लागली आहेत. जुन्या गाडीसाठी कुर्ला-कालिना भागातल्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत दुहेरी यूएसबी चार्जर मिळतो. ट्रक आणि मोठ्या बसमध्ये सहसा २४ व्होल्टची वीज असते. तिथे ‘१२–२४ व्होल्ट’ असे छापलेलाच चार्जर लावावा; नुसता १२ व्होल्टचा जळून जातो.