वाहतुकीतील चिप

दैनंदिन वाहतुकीतील चिप म्हणजे वाहने चालवणारे, थांबवणारे आणि प्रवासभाडे वसूल करणारे एकात्मिक परिपथ. मोटारीतली चिप म्हटले की टचस्क्रीन डोळ्यांसमोर येतो, पण बहुतेक चिप बॉनेटखाली, चाकांजवळ, सीटखाली, अगदी किल्लीतही दडलेल्या असतात. आधुनिक मोटारीत त्यांची संख्या सहज हजारावर जाते. यातल्या बऱ्याचशा मोबाइलमधल्या चिपपुढे मंद आणि जुन्या घडणीच्या असतात. इथली कसोटीच वेगळी आहे: उणे ४० ते १२५ अंश सेल्सियस तापमान आणि सततचे हादरे सोसून वर्षानुवर्षे ठरल्या क्षणी उत्तर देणे.

मोटारीत चिप आली ती मुख्यतः धुराच्या नियमांमुळे. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, आणि हे प्रमाण सतत राखणे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या यांत्रिक कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. इंजिन नियंत्रक (ईसीयू) एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचा कौल घेऊन इंधन फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. जर्मन कंपनी बॉशच्या मोट्रॉनिक प्रणालीने १९७९ मध्ये इंधन आणि ठिणगी ही दोन्ही कामे एकाच नियंत्रकाकडे सोपवली.

ब्रेकमधली चिप काय करते ते तर पायालाच कळते. चाकासोबत फिरणाऱ्या दातेरी कड्यासमोर सेन्सर असतो. एखादे चाक इतरांपेक्षा एकाएकी मंदावले, की ते जाम होऊन घसरणार हे चिप ओळखते आणि त्याच चाकाच्या ब्रेकचा दाब सोडते, धरते, पुन्हा सोडते, सेकंदात अनेकदा. पेडल थरथरते ते यामुळे. नवशिके घाबरून पाय उचलतात, आणि नेमके तेच करायचे नसते. चाक जाम होऊ न देणारी ही ब्रेकप्रणाली म्हणजे एबीएस; बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास मोटारीत आली. एअरबॅगची चिप आयुष्यभर नुसती वाट पाहते. धडक बसल्यावर निर्णयासाठी तिला काही मिलिसेकंदच मिळतात.

इतक्या नियंत्रकांना स्वतंत्र तारांनी जोडले तर तारांचे जंजाळ होते. म्हणून बॉशने १९८६ मध्ये ‘कॅन’ ही नियंत्रकांना जोडणारी संदेशप्रणाली मांडली. यात सगळे एकाच जोडतारेवर बोलतात; दोन संदेश एकदम निघाले तर लहान क्रमांकाचा पुढे जातो, दुसरा आपणहून थांबतो. रांगेची इतकी साधी शिस्त माणसांनाही क्वचितच जमते.

मेट्रो-बसच्या स्पर्शविरहित कार्डात बॅटरी नसते. गेटवरच्या यंत्राचे १३.५६ मेगाहर्ट्झचे क्षेत्र कार्डातल्या वेटोळ्यात वीज निर्माण करते. त्यावर चिप जागी होऊन ओळख पटवते आणि व्यवहार नोंदवते. कार्ड घाईने फिरवले, तर हे अर्ध्यावरच राहते आणि गेट उघडत नाही. हाँगकाँगचे ऑक्टोपस कार्ड १९९७ पासून चालू आहे.

२०२० मध्ये महासाथीच्या धास्तीने मोटार कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या. मागणी परतली तोवर उत्पादनक्षमता संगणक आणि मोबाइलकडे वळली होती. एखाद्या स्वस्त नियंत्रक चिपवाचून जवळजवळ तयार गाड्या कारखान्याबाहेर उभ्या राहिल्या.