विधेयकाला २७२ मतं लागतातच का?

रंकाळ्यावरच्या गप्पांत नेहमी ऐकू येतं: लोकसभेत २७२ मतं नसतील तर विधेयक पडतंच, म्हणून काठावरचं सरकार कायदे करूच शकत नाही.

तसं नाही. २७२ हे ५४३ जागांचं बहुमत. साध्या विधेयकाला मात्र हजर राहून मत देणाऱ्यांचंच बहुमत लागतं. ४५० जणांनी मत दिलं तर २२६ पुरेत. कोल्हापूर आणि हातकणंगलेचे खासदार त्यातून वजा झाले, तर २२५. गरजेचा आकडाच खाली येतो! व्हिप, म्हणजे हजर राहून मत देण्याचा पक्षाचा आदेश, इतका कडक असतो तो यामुळेच. अध्यक्ष फक्त समसमान मतं पडल्यावर मत देतात.

घटनादुरुस्तीला मात्र एकूण सदस्यांचं बहुमत आणि मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, दोन्ही सभागृहांत.

पडताळायचंय? राज्यघटना मराठीत मिळते. अनुच्छेद १०० आणि ३६८ वाचा.