निद्राशिक्षण (डिस्टोपियन, म्हणजे भयावह भावी समाज रंगविणाऱ्या, साहित्यातील)

झोपलेल्या माणसाच्या कानावर ठरावीक वाक्ये पुन्हापुन्हा घालून ती त्याच्या मनात कायमची रुजविण्याची पद्धत. इंग्रजीत हिप्नोपीडिया, ग्रीक ‘हिप्नॉस’ म्हणजे झोप आणि ‘पायडेइआ’ म्हणजे शिक्षण यांवरून हा शब्द बनला. ऑल्डस हक्सली (१८९४–१९६३) यांच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) या कादंबरीने कल्पनेला आजचा अर्थ दिला. राज्यसंस्था मुलांना विचार करण्याआधीच गाठते, हा तो अर्थ.

कल्पनेचा उगम हक्सलींपाशी नाही. ह्यूगो गर्न्सबॅक यांची ‘राल्फ १२४सी ४१+’ ही कथा १९११ पासून ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ मासिकात क्रमशः आली (पुस्तकरूप १९२५). तिच्यातले हिप्नोबायोस्कोप हे यंत्र झोपेत ग्रंथ मेंदूत उतरविते. तिथे मात्र ते प्रगतीचे लक्षण आहे, भीतीचे नव्हे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ए. बी. सॅलिगर यांनी सायकोफोन हा घड्याळजोड फोनोग्राफ विकायला काढला. तो रात्री ठरल्या वेळी आत्मसूचना ऐकवी. हक्सलींचा स्रोत एखादे विशिष्ट यंत्र मानण्यापेक्षा रेडिओ, फोनोग्राफ व प्रतिक्षिप्त सवयी लावण्याचे प्रयोग करणारे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांचे त्या काळी हवेत असलेले मिश्रण मानणे अधिक सयुक्तिक. येव्हगेनी झाम्यातिन यांच्या ‘वी’ या कादंबरीचे (इंग्रजी भाषांतर १९२४) ऋण जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये सुचविले आणि हक्सलींनी ते नाकारले. तो वाद एकूण कादंबरीचा आहे. निद्राशिक्षणापुरता तो गैरलागू ठरतो.

कादंबरीतील कार्यपद्धती : कादंबरीतले युग फोर्ड यांच्या मॉडेल टी मोटारीपासून (१९०८) मोजले जाते. रूबेन राबिनोविच या पोलिश मुलाच्या उशाशी रात्री रेडिओ चालू राहिला आणि सकाळी तो न कळणाऱ्या इंग्रजीतले अख्खे व्याख्यान म्हणून दाखवू लागला, हा शोधाचा प्रसंग २३ व्या वर्षातला. अधिकृत वापर मात्र २१४ व्या वर्षी सुरू झाला. मधला उशीर हेच या कल्पनेचे मर्म.

आधीच्या प्रयोगकर्त्यांनी झोपेत माहिती शिकविली. नाईल ही आफ्रिकेतील सर्वांत लांब आणि जगातील दुसऱ्या क्रमांकाची नदी, हे वाक्य टॉमी नावाचा मुलगा घडाघडा म्हणतो. पण ‘आफ्रिकेतील सर्वांत लांब नदी कोणती?’ असे विचारताच गप्प होतो. घोकंपट्टी झाली, अर्थ लागला नाही. तेव्हा भूगोल सोडून देण्यात आला व पुढे नीतिशिक्षण घेतले गेले, कारण त्यात समजण्याची गरजच नसते. कादंबरीतला समाज अल्फा, बीटा, डेल्टा अशा जन्माआधीच ठरलेल्या वर्गांत विभागलेला आहे. आपण बीटा आहोत हे किती बरे, अल्फांना फार अभ्यास करावा लागतो, डेल्टांशी खेळायचे नाही, एवढेच मुलाच्या मनात भरायचे असते.

शयनगृहात ८० खाटा, प्रत्येक उशीखालून हलका पण स्पष्ट आवाज. वर्गजाणिवेचा धडा एका झोपेत १२० वेळा, आठवड्यातून तीनदा, ३० महिने. दुसरा एक धडा रात्री १०० वेळा, आठवड्यातून तीन रात्री, चार वर्षे : ६२,४०० आवर्तने म्हणजे एक ‘सत्य’. हा गुणाकार करणारा बर्नार्ड मार्क्स स्वतः निद्राशिक्षणाचा तज्ज्ञ आहे; आकडा ठाऊक असूनही तो पुरता सुटत नाही. शब्दांचा परिणाम खडक झिजविणाऱ्या पाण्याच्या थेंबांसारखा नव्हे, तर खडकावर साचत जाऊन त्याला आपल्या रंगात बुडविणाऱ्या लाखेच्या थेंबांसारखा, अशी उपमा हक्सली देतात. जागेपणी आठ महिन्यांच्या डेल्टा बालकांना पुस्तके व फुले दाखवून, मग भोंगे व विजेचे झटके देऊन त्यांचा तिटकारा भरविला जातो. भाषा येण्यापूर्वीची ही पायरी.

मराठी वाचकाला इथे अभिमन्यू आठवतो. द्रोणपर्वात तो चक्रव्यूहभेद पित्याकडून शिकल्याचे सांगतो. सुभद्रेला झोप लागल्याची कथा लोकपरंपरेतली. तिथे झोपेने विद्या अर्धी राहते, हक्सलींकडे झोपेतच ती पुरी होते. हक्सली १९२५–२६ मध्ये भारतात फिरले होते. कादंबरीतील वर्गांना ते ‘कास्ट’ म्हणतात आणि गुंगीच्या गोळीला वैदिक ‘सोम’ हे नाव देतात. तरीही ती रचना जातिव्यवस्थेवरून घेतली असे म्हणणे धाडसाचे होईल.

प्रयोगांची कसोटी : लॉरेन्स लेशान यांनी १९४२ मध्ये उन्हाळी शिबिरातील नखे कुरतडणाऱ्या २० मुलांना रात्री ३०० वेळा एकच वाक्य ऐकविले : माझी नखे कडू लागतात. फोनोग्राफ बिघडल्यावर ते स्वतः अंधारात उभे राहून म्हणत राहिले. आठ मुलांची सवय सुटली. पण मुले खरोखर झोपली होती का, हे मोजलेच नव्हते. चार्ल्स सायमन व विल्यम एमन्स यांनी १९५० च्या दशकात मेंदूतील विद्युत्‌लहरी नोंदवून दाखविले, की ज्याला झोपेतले शिक्षण म्हणत ते बहुतेक अर्धवट जागेपणीचे होते. झोपेत गंध व ध्वनी यांची सांगड बसते, हे अनात अर्झी व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखविले. वाक्ये शिकण्याशी त्याचा संबंध नाही.

हक्सलींनी ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड रीव्हिजिटेड’ (१९५८) मध्ये या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. कॅलिफोर्नियातील तुलारे परगण्याच्या एका कैदी शिबिरात स्वेच्छेने पुढे आलेल्यांच्या उशीखाली ध्वनिवर्धक ठेवल्याची हकिगत तिथे येते. ताब्यातील लोकांवर निद्राशिक्षण लादण्याच्या नागरी व लष्करी अधिकाऱ्यांच्या अधिकाराला कायद्याने मर्यादा घालावी, अशी सूचना त्यांनी याच पुस्तकाच्या शेवटी केली.