रॉक मिक्सवर अभिप्राय: मागताना, देताना आणि घेताना

घरच्या खोलीत किंवा सरावाच्या जागेत गाणं रेकॉर्ड करून, ते स्वतःच मिक्स करून (म्हणजे सगळ्या वाद्यांचे आणि गायकाचे वेगवेगळे ट्रॅक जुळवून) आमच्याकडे ऐकायला पाठवणाऱ्या बॅन्डसाठी हे पत्रक आहे. आमच्याकडून मिक्स करून घेणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल, कारण तेव्हा अभिप्राय देण्याची बाजू तुमच्याकडे येते. दोन्ही वेळा काम एकाच जागी अडतं. ‘एकदम कडक झालंय’ किंवा ‘काहीतरी कमी वाटतंय’ यावरून कोणता फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) हलवायचा ते कळत नाही. ‘मिड्स (मधल्या पट्टीतले सूर) कमी करा’ म्हटलं की काय करायचं ते कळतं, पण ते का करायचं ते कळत नाही, आणि हे जास्त धोक्याचं आहे.

म्हणून आमची विनंती अशी: आधी काय ऐकू आलं ते सांगा, गाण्यात नेमकं कुठे ते सांगा, आणि कशावर ऐकलं तेही सांगा. उपाय सुचवायचा असेल तर जरूर सुचवा, पण त्यानंतर.

उपाय तीन, जागा एक

आमच्याकडे वारंवार दिसणारा एक नमुना सविस्तर सांगतो. गाण्याचा कोरस १:१२ ला सुरू होतो. डिस्टॉर्शनच्या (मुद्दाम फाटक्या, खरखरीत केलेल्या आवाजाच्या) दोन गिटारी, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. मध्ये गायकाचा आवाज, खाली बेस आणि ड्रम. तीन जण ऐकतात. पहिला म्हणतो, गायकाचा आवाज वर घ्या. दुसरा म्हणतो, गिटारी फार झाल्यात, खाली आणा. तिसरा म्हणतो, स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम) मेलाय, त्यावर सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेला तयार ठोका) लावा.

तिघांचं ऐकून तिन्ही गोष्टी केल्या तर आवाज बॅन्डपासून सुटून वर तरंगतो, गिटारींचा दणका जातो आणि स्नेअर उपरा वाटू लागतो. मिक्स करणारा वैतागतो आणि जुनी फाइल पुन्हा उघडतो. पण तिघांनी दाखवलेली वेळ पाहा: १:१२. तिघांचे उपाय वेगळे असले तरी त्यांचा कान एकाच जागी अडखळला आहे.

तिथे बहुतेक वेळा असं झालेलं असतं: गिटारींनी २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा अडवलेला असतो. गायकाची व्यंजनं म्हणजे शब्द कळण्याचा मोठा भाग तिथे असतो. स्नेअरच्या काठीचा तडाखा तिथेच असतो. आणि माणसाचा कान साधारण याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. दोन्ही गिटारींच्या बसवर (दोन्ही एकत्र येतात त्या ट्रॅकवर) २.५ किलोहर्ट्झच्या आसपास, फक्त कोरसपुरते, दोन-तीन डेसिबल काढले की आवाजाचा आणि स्नेअरचा फेडर न हलवता दोन्ही पुढे येतात. गिटारी एकट्या वाजवून पाहिल्या तर थोड्या बोथट वाटतील. वाटू द्या, गाण्यात त्या एकट्या वाजत नाहीत.

कधी कधी कारण आणखी मागे, रेकॉर्डिंगमध्ये असतं. अ‍ॅम्पवर गेन (डिस्टॉर्शन वाढवणारं बटण) खूप ठेवला की एकट्याने वाजवताना मजा येते. पण डिस्टॉर्शन आवाजाचे चढउतार दाबून टाकतं आणि वरचे स्वरांश (मूळ स्वराबरोबर वाजणारे उंच सूर) वाढवतं. तसे चार थर एकावर एक ठेवले की जाड भिंतीऐवजी नुसती खरखर उरते. गेन थोडा कमी ठेवून तोच रिफ दोनदा नीट वाजवला तर तो जास्त भरदार लागतो.

तीन उपायांपैकी एकही जसाच्या तसा कामी आला नाही, तरी तिघांचीही मदत झाली. ऐकणाऱ्याने सुचवलेला उपाय हा त्याचा अंदाज असतो. त्याला जाणवलेली अडचण मात्र खरी असते.

ऐकलेलं सांगायला साधे शब्द पुरतात

आकडे माहीत नसले तरी चालेल. ‘घुमतंय’, ‘गढूळ वाटतंय’ असं कुणी लिहिलं की आम्ही २०० ते ४०० हर्ट्झकडे बघतो. तिथे गिटार, बेस आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) यांची दाटी होते. ‘नाकातून गातोय’ म्हटलं की १ किलोहर्ट्झच्या आसपास शोधतो. ‘कानात बोचतंय’ हे २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये सापडतं आणि ‘स, श फार सुटतायत’ हे ५ ते ८ मध्ये. हे ठोकताळे आहेत, नियम नव्हेत. पण ‘दुसऱ्या कडव्यात १:४८ पासून गढूळ’ हे एवढंसं वाक्य आम्हाला पानभर सल्ल्यापेक्षा जास्त कामाचं वाटतं.

जे जमून आलंय तेही वेळेसकट लिहा. ते मन राखण्यासाठी लिहायचं नसतं. पुढच्या दुरुस्तीत कशाला हात लावायचा नाही हे मिक्स करणाऱ्याला त्यावरूनच कळतं. बोचणाऱ्या झांजा शांत करताना स्नेअरची चमक गेली, असं फार वेळा घडतं.

तुलना करण्याआधी आवाज सारखा करा

फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाजाची पातळी बदलली की वेगवेगळ्या कंप्रता आपल्याला वेगळ्या प्रमाणात ऐकू येतात. हळू आवाजात खालचा बास (तळाचे सूर) सर्वांत आधी हरवतो. त्यामुळे तेच मिक्स मोठ्याने वाजवलं की जास्त भरलेलं वाटतं, आणि एखाद्या डेसिबलचा फरकसुद्धा ‘हे चांगलं आहे’ असं म्हणायला लावतो. जुनं आणि नवं मिक्स शेजारी ठेवून निवडताना, किंवा तुमचं मिक्स एखाद्या प्रसिद्ध गाण्याशी ताडून बघताना, आधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा लागेल असा करून घ्या. प्रसिद्ध गाणं मास्टर झालेलं, म्हणजे मिक्सनंतर शेवटचा हात फिरवून जोर वाढवलेलं असतं, त्यामुळे बहुतेक वेळा तेच खाली आणावं लागतं. हे न करता दिलेला ‘आमचं पातळ वाटतंय’ हा अभिप्राय आम्ही बाजूला ठेवतो.

याच कारणासाठी अभिप्रायाला पाठवायच्या फाइलवर लिमिटर (आवाजाची शिखरं दाबून एकूण जोर वाढवणारं साधन) चढवून ती फुगवू नका. स्पॉटिफायसारख्या सेवा गाण्यांचा जोर मूळ सेटिंगमध्ये साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणारा जोर मोजण्याचं एकक) आणून ठेवतात. म्हणजे चिरडून मिळवलेला जोर तिथे परत घेतला जातो आणि मागे फक्त चपटे ड्रम राहतात.

कशावर ऐकलं हे का विचारतो

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ३.४ मीटर अंतर असेल तर ५० हर्ट्झच्या आसपास त्या खोलीचा स्वतःचा सूर लागतो. भिंतीजवळ बसलात तर बेसची एखादी नोट घोंघावते. बरोबर मध्यभागी बसलात तर तीच नोट जवळजवळ नाहीशी होते. अशा खोलीत बसून बेसबद्दल दिलेलं मत खोलीबद्दलचं असू शकतं. म्हणून बासचा निर्णय हेडफोनवरही तपासून घ्या. उलट, पॅनिंगचा (कोणतं वाद्य डावीकडे-उजवीकडे किती ठेवायचं याचा) निर्णय फक्त हेडफोनवर घेऊ नका. पूर्ण डावी-उजवी केलेली गिटार तिथे एकाच कानाला चिकटते.

‘फोनवर बेस ऐकूच येत नाही’ ही तक्रार आम्हाला आवडते, कारण ती खरी असते. मात्र त्यावर तळ वाढवणं हा उपाय नव्हे. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा असतो आणि फोनचा स्पीकर तो वाजवूच शकत नाही. फोनवर बेस ओळखू येतो तो वरच्या स्वरांशांमुळे. बेसच्या एका प्रतीवर थोडं डिस्टॉर्शन देऊन, तिचा तळ कापून, ती मूळ बेसखाली हलकी मिसळली की छोट्या स्पीकरवरही बेसची चाल समजते.

पाठवण्याआधी एकदा मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र करून) जरूर ऐका. मोनो करताच गिटारी पोकळ झाल्या किंवा गायब झाल्या, तर बहुधा कुणीतरी एकच टेक (एकदा वाजवलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून काही मिलिसेकंद सरकवला आहे. स्टिरिओत ते रुंद वाटतं. मोनोत दोन्ही प्रती एकमेकींना खातात. इथे ईक्यूने (ठरावीक पट्ट्यातले सूर कमी-जास्त करून) काही साधत नाही, दुसरा टेक खरोखर वाजवावा लागतो. स्नेअरला वरून आणि खालून असे दोन माइक लावले असतील तर खालच्याची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटून बघा. वरून काठी पडते तेव्हा कातडं वरच्या माइकपासून दूर जातं आणि खालच्याकडे येतं, म्हणून दोन्ही एकत्र केल्यावर स्नेअरचं पोट हरवतं. एका बटणाचं काम आहे.

अभिप्राय घेताना

लगेच उत्तर देऊ नका. ‘ते मुद्दामच तसं ठेवलंय’ हे खरं असलं तरी ऐकणाऱ्याला पुढे बोलावंसं वाटत नाही. त्याऐवजी विचारा: कुठे, आणि तेव्हा कशाकडे लक्ष गेलं? मग एक रात्र जाऊ द्या. दमलेल्या कानाला झांजा कमीच वाटतात आणि त्या भरात मिक्स कर्कश होत जातं.

आवड आणि दोष वेगळे ठेवा. फझवर (अगदी खरखरीत डिस्टॉर्शनवर) उभ्या असलेल्या गाण्याला कुणी ‘गिटार फार खरखरीत’ म्हणालं तर ती त्याची आवड आहे. पण शब्द कळले नाहीत असं म्हणालं तर ते गांभीर्याने घ्या, त्याला ती शैली आवडत नसली तरी. तुम्हाला शब्द पाठ आहेत; त्यामुळे ते कळतात की नाही हे ठरवायला तुम्ही सर्वांत चुकीचे श्रोते आहात.

बॅन्डच्या आतला अभिप्राय हा वेगळाच प्रश्न आहे. ड्रमर ड्रम ऐकतो, गिटारिस्ट स्वतःची गिटार ऐकतो आणि प्रत्येकाला आपलं वाद्य थोडं वर हवं असतं. सगळं थोडं थोडं वर गेलं की आपण निघालो तिथेच येतो, फक्त मास्टर (सगळ्या गाण्याचा एकूण आवाज) मर्यादेबाहेर जाऊन लाल होतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. सगळ्यांनी आपापलं लिहून एकाच व्यक्तीकडे द्यावं, तिने परस्परविरोधी मुद्दे बॅन्डमध्ये बसून मिटवावेत आणि आम्हाला एकच यादी पाठवावी. चार जणांचे चार संदेश आले तर आम्ही काम थांबवतो आणि एकत्र यादी मागतो.

आमच्या मिक्सवर अभिप्राय देताना

पहिल्यांदा गाणं न थांबवता, स्क्रीनकडे न बघता ऐका. दुसऱ्यांदा वेळा लिहून घ्या. तुम्ही तुमचा कच्चा डेमो महिनोन्‌महिने ऐकलेला असतो, त्यामुळे त्यातले अपघातही गाण्याचाच भाग वाटू लागतात आणि नवं मिक्स सुरुवातीला परकं लागतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकून मग लिहा. डेमोमधलं एखादं वैशिष्ट्य तरीही हवंच असेल, तर तो डेमो वेळेसकट पाठवा. आम्ही त्याचा मान ठेवतो. कधी कधी तो अपघातच गाण्याचा जीव असतो.

फाइल पाठवताना

२४ बिटची वेव्ह फाइल पाठवा. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये झांजा पाण्यातून आल्यासारख्या होतात, आणि मग दोष तुमच्या मिक्सचा की फाइलचा हे सांगता येत नाही. सोबत दोन ओळी लिहा: गाणं कोणत्या बॅन्डच्या किंवा गाण्याच्या जवळ जाणारं हवं आहे, आणि तुम्हाला स्वतःला कोणत्या जागेबद्दल शंका आहे.

काही गोष्टी मिक्समध्ये सुटत नाहीत: सुरात नसलेली गिटार, एकमेकांना चुकवणारे किक आणि बेस, रेकॉर्डिंगच्या वेळीच फाटलेला आवाज. अशा वेळी आम्ही प्लगइनचे (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचे) थर चढवत बसणार नाही, त्या ओळीची वेळ लिहून पाठवू. तेवढीच ओळ, शक्य तर त्याच माइकवर आणि तेवढ्याच अंतरावरून, पुन्हा रेकॉर्ड करून पाठवा. बाकीच्या ट्रॅकना हात लावू नका आणि नवी फाइल गाण्याच्या पहिल्या सेकंदापासूनच एक्स्पोर्ट करा, म्हणजे ती आमच्याकडे आपोआप जागेवर बसेल.