पाच जनुकं की आठ? आतड्याच्या कर्करोगातल्या मिथिलेशनची पार्श्वभूमी

गाठीतलं मिथिलेशन, म्हणजे डीएनएला चिकटलेले मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट, पाहून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णाचं पुढे काय होईल हे सांगता येईल का, हा प्रश्न पंचवीस वर्षांहून जुना आहे. त्याचं ठाम उत्तर आजही नाही. माझ्या मते त्याला जीवशास्त्रापेक्षा व्याख्येचा घोळ जास्त कारणीभूत आहे.

1983 मध्ये शेजारच्या निरोगी पेशींपेक्षा गाठीच्या पेशींत मिथिलेशन कमी असतं, असं दिसलं. पुढे उलटी बाजू समोर आली: एकूण मिथिलेशन घटत असताना काही जनुकांच्या प्रमोटरवर, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या भागावर, मात्र ते साचतं आणि ती जनुकं गप्प होतात. ते मोजण्याच्या पद्धतींपैकी 1992 मध्ये बायसल्फाइट सीक्वेन्सिंग आलं, 1996 मध्ये मिथिलेशन-स्पेसिफिक पीसीआर. त्यानंतर मिथिलेशन मोजणं थोड्यांची मक्तेदारी राहिलं नाही.

1999 मध्ये एका अमेरिकी गटाने मांडलं की काही गाठींत एकाच वेळी अनेक ठिकाणी असं मिथिलेशन होतं आणि अशा गाठींचा वेगळा वर्गच आहे. हाच ‘सिम्प’ (सीपीजी आयलंड मिथिलेटर फेनोटाइप). वयानुसार सगळ्यांच्याच आतड्यात वाढणारं मिथिलेशन त्यांनी बाजूला काढलं आणि फक्त कर्करोगात दिसणारं मोजलं. ही चाळणी महत्त्वाची होती. नंतरच्या कित्येक अभ्यासांनी ती नीट लावलीच नाही. 2003 च्या सुमारास आक्षेप आला की असे दोन कप्पे नाहीतच, मिथिलेशन कमीपासून जास्तीपर्यंत सलग पसरलेलं आहे आणि रेघ आपणच मारतो आहोत.

2006 मध्ये त्यावर उत्तर म्हणून एक मोठं काम आलं. मिथिलेशनच्या 195 खुणा (डीएनएवरच्या तपासायच्या जागा) पाहून पाच जनुकांचा संच ठरला: सीएसीएनए1जी, आयजीएफ2, न्यूरोजी1, रनएक्स3 आणि एसओसीएस1. पाचपैकी तीन मिथिलेटेड असतील तर गाठ सिम्प पॉझिटिव्ह. या गटात कर्करोगाला चालना देणारा, बीआरएएफ जनुकातला व्ही600ई हा बदल इतक्या ठळकपणे सापडला की वाद मिटला असं अनेकांनी धरलं. मला ते घाईचं वाटतं. हा संच बीआरएएफवाल्या गाठी उत्तम पकडतो, पण जुन्या खुणांनी पॉझिटिव्ह ठरणाऱ्या, केआरएएस या दुसऱ्या जनुकात बदल असलेल्या गाठी त्यातून निसटतात. लवकरच दुसऱ्या गटाने एमएलएच1, पी16 आणि सीआरएबीपी1 घालून आठ जनुकांचा संच वापरायला घेतला आणि ‘सिम्प-लो’ नावाचा मधला कप्पाही आला. म्हणजे एकाच रुग्णाची गाठ एका शोधनिबंधात पॉझिटिव्ह, दुसऱ्यात निगेटिव्ह, तिसऱ्यात ‘लो’!

प्रत्यक्ष टेबलावर हे आणखी नाजूक होतं. पॅथॉलॉजिस्ट काचेवर गाठीचा भाग पेनाने आखून देतो, मेणाच्या ब्लॉकच्या पातळ कापांवरून तेवढाच भाग खरवडून डीएनए काढतात, आणि मिथिलेशन वाचण्यासाठी लागणारं बायसल्फाइट हे रसायन त्यातला बराचसा डीएनए तोडून टाकतं. पूर्ण मिथिलेटेड संदर्भ-डीएनएच्या तुलनेत 10 टक्के ही त्या पाच जनुकांसाठीची नेहमीची सीमारेषा. खरवडताना शेजारच्या निरोगी पेशी जास्त आल्या, की आकडा रेघेखाली घसरतो.

आता यावरून आयुष्याचा अंदाज कसा बांधायचा? सिम्प गाठींत बऱ्याचदा डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारं एमएलएच1 बंद पडतं, त्यातून मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता येते, म्हणजे डीएनएच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांत चुका साचतात, आणि सुरुवातीच्या टप्प्यात अशा रुग्णांचं बरं चालतं. अस्थिरता नसताना बीआरएएफ बदल असेल तर मात्र चित्र वाईट. दोन्ही प्रकार ‘सिम्प पॉझिटिव्ह’मध्येच मोडतात. त्यांची सरसकट सरासरी काढली तर हाती काय लागणार? फ्लोरोयुरॅसिल या केमोथेरपीच्या औषधाबाबतही तेच झालं: 2003 च्या एका अभ्यासात सिम्प रुग्णांना या औषधाचा फायदा दिसला, 2011 च्या दुसऱ्यात दिसला नाही. त्या मानाने लाइन-1 या जीनोमभर विखुरलेल्या तुकड्यांवरचं मिथिलेशन घटणं ही खूण स्वच्छ निघाली. 2008 च्या एका मोठ्या अभ्यासात ते जितकं कमी, तितकी मृत्यूची जोखीम जास्त, असं दिसलं. पण तिच्याकडे लक्ष मात्र कमीच गेलं.

2015 मध्ये जनुकांच्या अभिव्यक्तीवरून, म्हणजे कोणती जनुकं किती सक्रिय आहेत त्यावरून, गाठींचे चार उपप्रकार ठरले आणि सिम्प त्यातल्या पहिल्याचं एक लक्षण होऊन बसला. 2017 पासून इम्युनोथेरपी (रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे उपचार) मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता पाहून दिली जाऊ लागली, त्यामुळे ती तपासणी रोजची झाली. 2014 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली मलाची चाचणी आणि 2016 मधली सेप्ट9 जनुकाची रक्तचाचणी मिथिलेशनचा आधार घेतात, पण त्या रोग शोधण्यासाठी, त्याचा पुढचा प्रवास सांगण्यासाठी नव्हेत.

रुग्णालयातल्या रिपोर्टात मिथिलेशन आज मुख्यतः एका जागी भेटतं. गाठीत एमएलएच1 प्रथिन दिसलं नाही, की बीआरएएफमधला बदल किंवा एमएलएच1 प्रमोटरचं मिथिलेशन तपासतात. यातलं काही निघालं तर बहुतेकदा आजार त्या व्यक्तीपुरता. नाही निघालं तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे कर्करोगाच्या आनुवंशिक धोक्याचा, संशय बळावतो आणि भावंडांना, मुलांना समुपदेशनासाठी बोलावलं जातं.