बेसलाइन हलते तेव्हा: आयन क्रोमॅटोग्राफीतल्या सप्रेसरची पार्श्वभूमी

आयन क्रोमॅटोग्राफी, म्हणजे द्रावणातले आयन वेगवेगळे करून मोजण्याची पद्धत. तिच्यावर काम करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. बेसलाइन (आलेखावरची पायाची रेघ) वर सरकतेय, नॉइज वाढलाय, फ्लोराइडचा पीक (आलेखावरचा उंचवटा) नीट इंटिग्रेट होत नाही, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ नीट मोजता येत नाही. पहिला संशय डिटेक्टरवर. खरं तर कंडक्टिव्हिटी सेल हा या यंत्रातला सगळ्यात साधा भाग: दोन इलेक्ट्रोड आणि त्यांच्यामधून वाहणारं द्रावण. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह वापरून वाहकता मोजण्याचं तंत्र जर्मनीत कोलराउशने एकोणिसाव्या शतकातच बसवलं होतं. बिघाड बहुधा सेलच्या अलीकडे, सप्रेसरमध्ये (एल्युएंटची वाहकता कमी करणारा भाग) किंवा एल्युएंटमध्ये (नमुना पुढे वाहून नेणारं द्रावण) असतो.

आयन एक्स्चेंज रेझिनवर आयन वेगळे करणं 1975 च्या बरंच आधी जमत होतं. अडचण होती ती ओळखण्याची. क्लोराइड, सल्फेट अतिनील प्रकाशात जवळजवळ दिसत नाहीत. वाहकता सगळ्याच आयनांना असते, पण कॉलममधून (रेझिन भरलेल्या नळीतून) आयन ढकलणारं एल्युएंटही आयनांनीच भरलेलं. त्या गोंगाटात नमुन्याचा आवाज बुडून जाई.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या मिडलंडला डाऊ केमिकलमध्ये हॅमिश स्मॉल, टिमथी स्टीव्हन्स आणि विल्यम बाउमन यांनी यावर तोडगा काढला आणि 1975 मध्ये तो प्रसिद्ध केला. कॉलम आणि सेल यांच्यामध्ये हायड्रोजन रूपातल्या रेझिनचा दुसरा कॉलम बसवायचा. हाच सप्रेसर. एल्युएंटमधल्या सोडियम हायड्रॉक्साइडचं तिथे पाणी होतं, नमुन्यातल्या सोडियम क्लोराइडचं हायड्रोक्लोरिक आम्ल. सोडियमची मोलर वाहकता सुमारे 50, हायड्रोजन आयनाची सुमारे 350. म्हणजे बॅकग्राउंड (एल्युएंटची स्वतःची वाहकता) खाली येतो आणि पीक तिपटीहून मोठा होतो. डायोनेक्स कंपनीने याच कल्पनेवर यंत्र बाजारात आणलं.

पण हा दुसरा कॉलम संपत जाई, म्हणजे त्यातले हायड्रोजन आयन खर्च होत. मधूनमधून आम्लाने रीजनरेट करावा लागे, म्हणजे ते परत भरावे लागत. तो जसजसा संपे तसतशी पाण्याच्या खड्ड्याची (नमुन्याचं पाणी सेलमधून जाताना रेघ खाली बसते त्याची) जागा सरके आणि नायट्राइटसारख्या दुर्बल आम्लांच्या पीकची उंची बदले. नमुना तोच, उत्तर वेगळं. आयोवा स्टेट विद्यापीठात फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये सप्रेसरच काढून टाकला. कमी क्षमतेचं रेझिन आणि कमी वाहकतेचं एल्युएंट वापरलं. यंत्र सुटसुटीत झालं, पण बॅकग्राउंड मोठा राहिला आणि तापमानाची झळ वाढली. वाहकता दर अंशाला सुमारे 2 टक्के बदलते. खोलीतला एसी चालू-बंद होण्याच्या तालावर बेसलाइनला लाटा येत असतील तर सेलचं तापमान-नियंत्रण आधी पाहावं.

पोकळ तंतूंचे सप्रेसर 1981 मध्ये आणि सपाट पडद्यांचे 1985 मध्ये आले. आता रीजनरंट (सप्रेसरला हायड्रोजन आयन पुरवणारं द्रावण) सतत वाहत होता, त्यामुळे संपण्याचा प्रश्न मिटला. त्याऐवजी पडदे फाटणं, लोहासारखे धातू त्यांच्यावर बसणं ही नवी दुखणी आली. 1992 च्या सुमारास विद्युत-अपघटनी सप्रेसर आले. पाण्यातूनच हायड्रोजन आयन मिळू लागला, आम्लाची बाटली गेली. पण पाणी फोडलं की वायू होणारच. सेलमधून आलेलं पाणीच परत रीजनरंट म्हणून फिरवलं तर नॉइज थोडा वाढतो. बाहेरून स्वच्छ पाणी देऊन पाहा. नॉइज उतरला तर डिटेक्टर निर्दोष आहे.

करंटचाही हिशेब इथूनच येतो. मिनिटाला 1 मिलिलिटर वेगाने 30 मिलिमोलर हायड्रॉक्साइड जात असेल तर फॅरडेच्या नियमाने किमान 48 मिलिअँपिअर लागतात. 4 मिमी व्यासाच्या कॉलमसाठीच्या सप्रेसरला प्रत्यक्षात सुमारे 75 देतात. त्याच्या दुप्पट लावून ठेवला तर पीक सुधारत नाही; उष्णता, बुडबुडे आणि नॉइज तेवढे वाढतात. ‘जास्त असलेला बरा’ हा हिशेब इथे चालत नाही.

हायड्रॉक्साइडचं एक वेगळंच दुखणं आहे: ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. बाटलीत कार्बोनेट साचतं, बॅकग्राउंड चढतो, पीक लवकर येऊ लागतात. 1998 च्या सुमारास यंत्रातच हायड्रॉक्साइड तयार करणारे जनरेटर आले ते मुख्यतः यासाठी. मला तर सप्रेसरनंतरची ही सगळ्यात मोठी सुधारणा वाटते.

तरीही बऱ्याच पाणी तपासणी प्रयोगशाळांत कार्बोनेट-बायकार्बोनेट एल्युएंटच चालतं. स्वस्त आहे, सवयीचं आहे. सप्रेसरमध्ये त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि बॅकग्राउंड शून्याजवळ न येता 15-20 मायक्रोसीमेन्सवर राहतो. नमुन्याच्या पाण्यात ते आम्ल त्या प्रमाणात नसतं, म्हणून ते पाणी सेलमधून जाताना रेघ खाली बसते. फ्लोराइड नेमका त्याच खड्ड्याच्या कडेला येतो. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड मोजताना हे फार महत्त्वाचं. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर 1.5. इंटिग्रेशनची रेघ खड्ड्यात कुठून सुरू केली यावर अहवालातला आकडा मर्यादेच्या आत की बाहेर हे ठरू शकतं. नमुन्यात एल्युएंटचं संहत द्रावण थोडं मिसळून कार्बोनेट सारखं करून घेतलं की खड्डा बराचसा भरून येतो. स्टँडर्डलाही (तुलनेसाठीच्या ज्ञात प्रमाणाच्या द्रावणालाही) तेच केलं पाहिजे.