‘आय फील गुड’ ही चूक नव्हे
‘क्रियापदानंतर विशेषण येत नाही, म्हणून आय फील गुड चूक आणि आय फील वेल बरोबर’ असा नियम वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे: ‘शी सिंग्ज वेल’मध्ये ‘वेल’च लागतं, कारण ती कशी गाते ते सांगायचं असतं.

पण सगळी क्रियापदं कृती दाखवत नाहीत. फील, लुक, स्मेल, टेस्ट ही अनेकदा कर्ता आणि त्याचा गुण यांना फक्त जोडतात. ‘द सूप टेस्ट्स गुड’ म्हणताना सूप चव घेत नसतं, आपण सुपाचं वर्णन करतो. म्हणून तिथे विशेषण.

पडताळायचं असेल तर क्रियापदाच्या जागी ‘इज’ ठेवून पाहा. ‘द सूप इज गुड’: अर्थ टिकला, विशेषण योग्य. ‘शी इज वेल’: गाणं नाहीसं झालं, उरली तिची तब्येत. तिथे क्रियाविशेषणच हवं. ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसला. ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट मी’ म्हणजे त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. ही जोडी मला फार आवडते, एकाच क्रियापदाची दोन कामं तिच्यात स्वच्छ दिसतात.

‘आय फील वेल’ही बरोबरच आहे. मात्र तिथलं ‘वेल’ हे ‘निरोगी’ अशा अर्थाचं विशेषण आहे. चांगल्या शब्दकोशात ते वेगळं नोंदलेलं सापडतं.